पट्टा, गदा आणि कट्टा : वय वाढतं तसा मान कसा ठरतो?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच श्रोत्यांचा एकच प्रश्न आला. मुलं कराटेच्या क्लासला जातात, दर काही महिन्यांनी नव्या रंगाचा पट्टा बांधून घरी येतात. हा पट्टा नेमका काय सांगतो? आणि आपल्याकडे, म्हणजे या धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात, अंगमेहनतीच्या विद्येत असा दर्जा ठरवायची काही रीत होती का? आज आपण याच प्रश्नाचा इतिहास बघू. सुरुवात जपानपासून करू आणि मग आपल्या तालमीत येऊ.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगतात. जुने लोक म्हणे पट्टा कधी धूतच नसत, वर्षानुवर्षांच्या घामामातीने तो काळा पडायचा, तोच ब्लॅक बेल्ट. गोष्ट छान आहे, पण इतिहास वेगळा आहे. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने 1882 साली तोक्योत ज्युदोची शाळा काढली. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या दोन शिष्यांना पहिला ‘दान’ दिला. ‘दान’ म्हणजे पायरी. ही कल्पना त्याने ‘गो’ नावाच्या पटावरच्या खेळातून उचलली होती. काळा पट्टा नंतर आला आणि बाकीचे रंग त्याच्याही नंतर.

मग कराटेत हे कधी आलं? गिचिन फुनाकोशी हे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. जन्म 1868 चा. 1922 साली ते कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला आले आणि तिथेच राहिले. तेव्हा त्यांचं वय 53 होतं. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीचा हिशेब करायला लागतो, यांनी या वयात नव्या शहरात पहिल्यापासून शिकवायला सुरुवात केली. 12 एप्रिल 1924 रोजी त्यांनी आपल्या काही शिष्यांना दान दिले. कराटेतले हे पहिले दान. म्हणजे कराटे ही विद्या जुनी, पण तिची ही पायऱ्यांची व्यवस्था जेमतेम शंभर वर्षांची आहे.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या दानला ‘शोदान’ म्हणतात, त्याचा अर्थ सुरुवातीची पायरी. काळा पट्टा मिळाला की शिकणं संपलं असा आपला समज असतो. जपानी भाषेत मात्र शिकणं तिथून सुरू होतं. दुसरी गोष्ट, वरच्या दानसाठी नुसतं लढता येणं पुरत नाही, मधे ठरावीक वर्षं जावी लागतात. सगळ्यात वरचे दान उतारवयातच मिळतात. तोवर गुडघे दुखायला लागलेले असतात, लाथ पूर्वीइतकी वर जात नसते, आणि दर्जा मात्र चढत असतो. ही उलटी चढण नीट समजून घेतली पाहिजे. शरीर उतरतं तेव्हा मान कशामुळे चढतो?

आता आपल्या तालमीत येऊ. तालमीत पट्टा नाही, प्रमाणपत्र नाही, परीक्षाही नाही. पण पायऱ्या नाहीत असं कुणी म्हणू नये. आपल्या भागातली कुठलीही यात्रा आठवा. शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड असतो. आधी लहान पोरं लंगोट लावून उतरतात, त्यांची कुस्ती रेवड्यांवर. मग नारळावरच्या कुस्त्या. मग थोड्या पैशांच्या, मग मोठ्या इनामाच्या आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची कुस्ती. दुपारपासून संध्याकाळपर्यंत एका पैलवानाचं अख्खं वाढणं तुमच्या डोळ्यांसमोरून जातं. रेवड्यांवर लढलेला पोरगा दहा-बारा वर्षांनी त्याच फडात मानाच्या कुस्तीला उभा राहिला, तर गाव त्याला नावाने ओळखतं. हीच त्याची परीक्षा आणि हेच प्रमाणपत्र.

तालमीच्या आतही असंच. नवा पोरगा आला की आधी हौद खोदायचा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती तांबडी माती रोज उकरावी लागते, नाहीतर दगडासारखी बसते. जोर-बैठका मारायच्या, थोरल्या पैलवानांचं अंग रगडायचं, पाणी भरायचं. मग हळूहळू जोड मिळते. मग आपण धाकट्यांना जोड द्यायची. आणि या सगळ्यावर नजर ठेवून कट्ट्यावर बसलेला असतो वस्ताद. त्याची कुस्ती कधीच सुटलेली असते. पण तो आत आला की हौदातली झटापट क्षणभर थांबते, पोरं पाया पडतात आणि मग पुन्हा सुरू होते.

आमचं म्हणणं असं की तालमीत दोन वेगळे दर्जे आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक दर्जा जिंकावा लागतो : गदा, किताब, इनाम. त्याचं आयुष्य थोडं, तिशी-पस्तिशीत तो थांबतो. दुसरा दर्जा वस्तादाचा. तो जिंकता येत नाही, मागून मिळत नाही. पोरं येत राहिली, शिकून मोठी झाली, तर तो आपोआप पदरी पडतो. पहिला दर्जा शरीराचा आणि दुसरा वयाचा.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. जन्म 5 जून 1950, गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. आज निलंगा लातूर जिल्ह्यात आहे. 1950 साली तो हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर वेगळा झाला तेव्हा तिकडे गेला. म्हणजे बिराजदारांचा उमेदीचा काळ हा उस्मानाबाद जिल्ह्याच्या पैलवानाचा काळ आहे.

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. कोल्हापूरला शाहू महाराज होते. त्यांनी देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला, रोमचं जुनं प्रेक्षागृह बघून आल्यावर खासबागेचं मैदान बांधून घेतलं. कुस्तीला कोल्हापुरात असा राजाश्रय मिळाला. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे गावोगावी तालमी होत्या, फड होते, पण खासबागेसारखं मैदान नव्हतं. त्यामुळे इथल्या होतकरू पोराला एक दिवस वळकटी बांधून कोल्हापूर गाठावं लागायचं. बिराजदारही त्याच वाटेने गेले.

1969 साली ते महाराष्ट्र केसरी झाले, वय 19. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढे ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले. सतपालबरोबरची त्यांची 1977 ची बेळगावची कुस्ती जुनी माणसं आजही रंगवून सांगतात. इथवरचा दर्जा शरीराचा.

आता बघा, खरी गोष्ट पुढे आहे. कुस्ती थांबल्यावर त्यांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवायला घेतली. लोक त्यांना ‘मामा’ म्हणू लागले. हा शब्द कुठल्या समितीने दिलेला नाही. 2006 साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. खेळातल्या आयुष्यभराच्या योगदानासाठी तेव्हा दिला जाणारा हा राष्ट्रीय पुरस्कार होता. 14 सप्टेंबर 2011 रोजी ते गेले.

गेले, पण हिशेब तिथे संपत नाही. त्यांचा एक शिष्य बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. मामा गेल्यावर तो काका पवारांकडे शिकू लागला. काका पवारही लातूर जिल्ह्यातलेच, अर्जुन पुरस्काराचे मानकरी आणि मामांच्याच हाताखालून गेलेले. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने 57 किलो गटात सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या दिवंगत गुरूला अर्पण केलं. 1970 ला गुरूचं सुवर्ण, 2018 ला शिष्याचं. मधे 48 वर्षं. वस्तादाचा दर्जा कसा मोजायचा असं कुणी विचारलं तर आम्ही हा आकडा सांगू.

आणखी पुढे या. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं त्याच वर्षी, नोव्हेंबर 2023 मध्ये, महाराष्ट्र केसरीची स्पर्धा धाराशिवला भरली. अंतिम लढत शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर यांच्यात झाली, शिवराज जिंकला. पण हे दोघंही काका पवारांच्या तालमीत घडलेले! म्हणजे मातीच्या नात्याने पाहिलं तर मामांचे नातूच ते. निलंग्यातून बाहेर पडलेली विद्या कोल्हापूर, पुणे करत तिसऱ्या पिढीत पुन्हा याच भागात येऊन उभी राहिली. यातल्याच हर्षवर्धनने जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीच्या अंतिम लढतीत शैलेश शेळकेला हरवलं होतं. तोही त्याच तालमीचा. जिंकल्यावर हर्षवर्धनने त्याला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. कुणी म्हणेल हा खिलाडूपणा. आहेच, पण एका हौदात माती खोदलेल्यांचं नातंही त्यात आहे.

आता दुसरी बाजू, कारण तालमीचं नुसतं कौतुक करून उठलो तर व्याख्यान अर्धं राहील.

त्याच नोव्हेंबर 2023 मध्ये पुण्याजवळ फुलगावलाही महाराष्ट्र केसरी झाली. तिथे सिकंदर शेखने शिवराजला हरवलं. एका महिन्यात दोन स्पर्धा, दोन गदा, दोन विजेते. कारण संघटनेतला वाद. गावातल्या माणसाने काय समजायचं? जिंकायच्या दर्जाची ही अडचण आहे : देणारी संस्था दुभंगली की मानही दुभंगतो. कराटेतही हेच झालेलं आहे. फुनाकोशींनंतर शैली वाढल्या, संघटना फुटल्या, आणि आज कुणाचा दान कोण मानतो हा वेगळाच विषय होऊन बसलाय.

पण वस्तादाचा दर्जाही निर्धोक नाही. एक तर त्याचा कागद नसतो. किताब जिंकलेल्यांची यादी मिळते, पण चाळीस वर्षं गावच्या तालमीत पोरं घडवलेल्या वस्तादाचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. मानधनाचा अर्ज करायचा तर पुरावा काय जोडणार? पाया पडणारी पोरं अर्जाला जोडता येत नाहीत. दुसरं, ‘वस्ताद म्हणतील ते’ या शिस्तीत प्रश्न विचारायला जागा कमी असते. चांगल्या वस्तादाच्या हाती ती शिस्त पोराला घडवते, वाईट माणसाच्या हाती पोराला मोडते. आणि तिसरं, या पायऱ्यांवर मुलींना फार काळ जागाच नव्हती. याच जिल्ह्याच्या सारिका काळेला 2020 साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच यादीत कुस्तीसाठी राहुल आवारे होता. या मातीत मुलींची कमतरता नव्हती, तालमीचं दार बंद होतं.

मग पट्टा बरा की कट्टा? आमचं मत असं की पट्ट्याची नोंद आणि कट्ट्याचा काळ, दोन्ही हवेत. आपल्याकडे म्हण आहे, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. लोक त्याचा अर्थ लबाडी असा घेतात. आम्ही तो जरा वेगळा लावतो. तो राखलेला डाव म्हणजे वय. किती घाई केली, किती फी भरली तरी तो आधी शिकता येत नाही.

म्हणून मुलाला किंवा मुलीला क्लासला घालताना पट्टा किती दिवसांत मिळेल एवढंच विचारू नका. शिकवणारा स्वतः कुणाकडे शिकला, अजून सराव करतो का आणि त्याची जुनी मुलं त्याला भेटायला येतात का, हेही विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या प्रमाणपत्रात नसतं.

आणि जाता जाता एक काम देतो. तुमच्या गावात तालीम असेल किंवा पडकी का होईना जागा असेल, तर तिथले वस्ताद कोण होते, त्यांनी कुणाकडे विद्या घेतली, कुणाला दिली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. तीन पिढ्यांची नावं मिळाली तरी पुष्कळ झालं. सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा पुढच्या यात्रेची वाट बघू नका.

इथे थांबतो.