मरणाच्या दोन याद्या

मिसरोदहून भोपाळला निघालेल्या गाड्या राणी कमलापती स्थानकावर थांबतात. 2021 पर्यंत आपण त्याला हबीबगंज म्हणत होतो. तोंडात अजून तेच येते. कमलापती ही गोंड राणी. ज्या मातीत आपण पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवतो, तिथले जुने धनी हे लोक.

आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी कशाने गेली ते आठवून पाहावे. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग हीच नावे बहुधा पुढे येतील. गोंड, बैगा, सहरिया यांच्या पाड्यांवर यादी वेगळी होते: मलेरिया, क्षय, तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया, सिकलसेल. डॉ. अभय बंग यांच्या समितीने 2018 मध्ये हा फरक आकड्यांत मांडला. देशात आदिवासी सुमारे 8.6 टक्के, पण मलेरियाने मरणाऱ्यांत जवळजवळ निम्मे तेच. क्षयाचे प्रमाण त्यांच्यात लाखामागे 703, इतरांत 256.

सिकलसेलची कथा तर विलक्षण आहे. आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर मूल जीवघेण्या मलेरियातून बऱ्याच अंशी बचावते. म्हणूनच जंगलपट्ट्यात तो टिकून राहिला. दोघांकडून आला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि आयुष्यभराचे दुखणे मागे लागते. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी आपल्याच शहडोलमध्ये सुरू झाली.

पण सगळे रक्तावर ढकलून चालत नाही, आणि आपण शहरातले लोक ते फार सहज ढकलतो. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवले: बाळाचा श्वास मोजायचा, न्यूमोनिया ओळखायचा, औषध द्यायचे, नवजाताला ऊब द्यायची. त्यांच्या 39 गावांत 1988 साली हजार जन्मांमागे 121 अर्भके दगावत; 2003 पर्यंत तो आकडा 30 वर आला. मंडल्यात 2017 पासून सुमारे बाराशे गावांत घरोघरी ताप तपासला गेला आणि मलेरियाचे रुग्ण नव्वद टक्क्यांच्या आसपास घटले.

त्याच गडचिरोलीच्या खेड्यांत पुढे मृत्यूंची पाहणी झाली, तेव्हा दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला. रक्तदाबाची जी गोळी आपल्याकडे रोज सकाळी चहाबरोबर घेतली जाते, तिची गरज आता तिथेही आहे.