पदवीमागचे घर

इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. कारण प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या फसलेल्या जमीन-पाहणीनंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास जमाबंदीची जी नवी पद्धत आखली आणि जी पुढे मुंबई इलाखाभर चालली, तिचा आरंभ याच तालुक्यात झाला. कळससारखी गावे याच तालुक्यातली. या भागातील शेताशेताचा आकार, प्रत आणि सारा दप्तरात नोंदला गेला. परंतु अशा गावांतून एखादा मुलगा प्रथमच पदवीच्या शिक्षणासाठी बाहेर पडला, तेव्हा त्याच्या खानावळीचे पैसे कोणी भरले, त्याच्या वाटणीचे काम कोणत्या भावाने अंगावर घेतले आणि परीक्षेच्या आधल्या रात्री त्याच्याजवळ कोण बसले, यासाठी सरकारी दप्तरात रकाना नव्हता. विद्यार्थ्याची बुद्धी आणि त्याचे परिश्रम यांची थोरवी मला मान्य आहे; तथापि आपल्याकडील उच्च शिक्षणाचा खरा इतिहास त्या न लिहिलेल्या रकान्यात आहे, असे माझे मत आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचेच उदाहरण घ्यावे. वडिलांच्या निधनानंतर वडील बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाला पाठविले. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेतन एका विद्यार्थ्यासाठी खर्ची पडले आणि उरलेल्या सात रुपयांत सारे घर चालले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले. गोखले 1884 साली बी. ए. झाले, विधिमंडळात त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांना सत्ताधीशांनी कान दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या पदवीची अर्धी किंमत ज्या वहिनींनी देऊ केली, त्यांचे नाव किती जणांस सांगता येईल?

घरापासून दूर शिकणाऱ्यास परक्याच्या घराचा आधार मिळावा, यासाठी पुण्यासारख्या शहरांत वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची प्रथा होती. आठवड्याच्या सात वारी सात घरी पान वाढले जाई आणि त्या बळावर अनेक निर्धन मुले शिकून मोठी झाली. या प्रथेविषयी कृतज्ञता बाळगूनही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, तिचा उंबरठा जातीचा होता. कळससारख्या गावातील कुणबी, धनगर, माळी किंवा महार मुलाला पुण्यात वार लावता येईल असे घरच नव्हते. त्याच्या वाट्याला बुद्धी आली तरी पान आले नाही.

ही उणीव ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि द्रव्य दिले, आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह काढले. तेथील धान्य संपे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकामागून एक अलंकार मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्या निवर्तल्या. पुढे 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' या योजनेने विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातांनाही या साहाय्यात वाटा दिला. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही या योजनेमागील दृष्टी मला द्रव्यसाहाय्याहूनही मोलाची वाटते.

मित्रांचा आधार मात्र संस्थेने निर्माण होत नाही. डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर यांनी रात्र-रात्र जागून जे मनसुबे केले, त्यांतूनच 1880 चे न्यू इंग्लिश स्कूल आणि 1885 चे फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. अतिशय दारिद्र्यात शिकणाऱ्या आगरकरांना त्या सहवासाने काय दिले असेल, याचा हिशेब रुपयांत मांडता येणार नाही.

इंदापूरच्या परिसरापुरते बोलायचे, तर 1962 साली शेजारच्या बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले आणि पदवी प्रथमच एस. टी.च्या टप्प्यात आली. पहाटे चूल पेटवून आईने बांधलेला भाकरी-कालवणाचा डबा गावच्या थांब्यावर गाडीत ठेवावा, वाहकाने तो सांभाळून न्यावा आणि तालुक्याच्या स्थानकावर खोलीवरच्या मुलांपैकी कोणीतरी तो उतरवून घ्यावा, ही रीत ग्रामीण महाराष्ट्रात घरोघर परिचित झाली. एका घरचा डबा चौघे मिळून खात, आणि ज्याचा डबा आला नाही तो उपाशी राहत नसे. मुलींच्या बाबतीत तर हा आधार अधिकच निर्णायक ठरला. बापाने गावकीच्या बोलण्याकडे पाठ फिरविली आणि बरोबर जाणारी एखादी मैत्रीण मिळाली, तरच त्यांची वाट मोकळी झाली.

या आधाराची दुसरी बाजूही आहे. जमिनीचा तुकडा गहाण टाकून शिकविलेल्या मुलाला प्रत्येक सुट्टीत त्या गहाणाची आठवण करून दिली, तर तोच आधार मानेवरचे ओझे होतो, आणि नापास झालेला मुलगा घरी परतण्यास भितो. परतफेडीचा तगादा न लावणे, यातच साहाय्याची प्रतिष्ठा आहे.

इंदापूर-बारामतीच्या गावांतून शिकून आज पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या पदवीधरांना माझी एवढीच विनंती आहे की, आपल्या गावच्या एका विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा खानावळीचा खर्च उचलावा, आणि महिन्यातून एकदा तरी पैशाची गोष्ट न काढता त्यांच्याशी मनमोकळे बोलावे.