घाबरल्यावर हातांना मुंग्या का येतात?

भीती किंवा चिंता वाढली की श्वास जलद होतो. शरीराच्या गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला गेला, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. रक्तातील मुक्त कॅल्शियम घटल्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. ऑक्सिजन पुरेसा असूनही गुदमरल्यासारखं वाटतं. या लक्षणांनी माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो.

हे चक्र तोडण्यासाठी नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून जास्त वेळ लावून सोडावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय टाळावा. दमा किंवा हृदयविकार असल्यास तो धोकादायक ठरू शकतो. छातीत दुखत असेल, तर ‘नुसता घाबरलाय’ असं समजून थांबू नये. महाराष्ट्रात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.