कच्च्या वालात काय असतं? कमला सोहोनींची गोष्ट

आपल्या अमरावती-अकोल्याकडे तुरीच्या वरणाशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. अकोल्याच्या दाल मिलची तूर डाळ आपल्यातले कितीतरी गट पाकिटं करून विकतात. पण डाळीच्या दाण्यात नेमकं काय असतं, ते अंगी कसं लागतं, हे आयुष्यभर शोधणाऱ्या एका मराठी बाईचं नाव आपल्या बैठकीत मी कधी ऐकलं नाही. म्हणून आज कमला सोहोनींविषयी बोलू.

त्या माहेरच्या भागवत. १९११ साली इंदूरला जन्म. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत त्यांच्या सख्ख्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी केली आणि त्याच संस्थेत अर्ज केला. तेव्हा तिथे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज बाईचा होता.

कमलाबाई घरी बसल्या नाहीत. थेट बंगलोर गाठलं आणि प्रवेश दिल्याशिवाय हलणार नाही म्हणून सत्याग्रह मांडला. शेवटी रामन कबूल झाले, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं. काम पसंत पडलं तरच प्रवेश पक्का. आणि तिच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित व्हायला नको. आता बघा, लक्ष त्यांचं उडणार आणि अट हिला! कमलाबाईंना हा अपमान शेवटपर्यंत सलला. पण त्या वर्षभर राबल्या, रामन यांचं समाधान झालं, आणि पुढे त्या संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं.

तिथे श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि शेंगावर्गातल्या दाण्यांमधल्या प्रथिनांचा अभ्यास केला. लक्षात घ्या, बाजारात भारी किमतीला विकणारा पदार्थ नव्हे, गरिबाच्या ताटातली डाळ. पुढे त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशीतला एक महत्त्वाचा घटक दाखवून दिला आणि १९३९ साली पीएचडी घेऊन परतल्या. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतात. दिल्ली, कुन्नूर अशा नोकऱ्या झाल्या, १९४७ साली लग्न झालं आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्यांचं मुंबईतलं काम. आपण डाळ खाल्ली की पोटात ट्रिप्सिन नावाचा पाचक रस तिच्यातली प्रथिनं फोडतो. पण काही कच्च्या दाण्यांत असा पदार्थ असतो की तो ट्रिप्सिनलाच अडवून धरतो. म्हणजे दाणा पोटात गेला, पण प्रथिन अंगी लागलं नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भाज्या-कडधान्यांत हा अडवणारा पदार्थ शोधला. वाल आणि डबल बी यांच्यातून तर तो वेगळा काढून मिठाच्या खड्यासारखा स्फटिक करून दाखवला. ते काम १९५५ साली इंग्लंडच्या ‘नेचर’ या नामांकित पत्रिकेत छापून आलं. वाल म्हणजे कोण? ज्याच्या ओल्या शेंगांना आपल्याकडे पोपटाच्या शेंगा म्हणतात, तोच.

नीट शिजवलं की हा पदार्थ बराचसा नष्ट होतो. भिजवून, मोड आणूनही कमी होतो, पण काही उरतो. आपल्या आज्या वाल रात्रभर भिजवायच्या, मोड आणायच्या, सोलायच्या आणि मऊ शिजवायच्या, त्यामागे हेच होतं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती एवढंच. हल्ली मोडाचं कच्चं कडधान्य खा म्हणून सांगतात. मोठ्या माणसाला मूठभर मूग चालतील. पण अंगणवाडीच्या वयाच्या लेकराला देताना वाफवूनच द्या, आणि वाल तर कोणालाच कच्चे देऊ नका.

दुसरं काम नीरेवरचं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी ताडवर्गातल्या झाडांचा पहाटे उतरवलेला, न आंबलेला रस तपासला. त्यात अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह सापडलं, आणि गूळ केला तरी ते टिकतं असं त्यांना दिसलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांना नीरा दिली तर तब्येत सुधारते, हेही त्यांनी दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आपल्या नाल्याकाठी शिंदीची झाडं आहेत, आणि मेळघाट आपल्याच जिल्ह्यात आहे. शिंदी म्हटलं की आपल्याला फक्त दारू आठवते, ही आपल्या गावांची अडचण. सकाळी उतरवलेला रस उन्हं चढली की आंबायला लागतो, त्यामुळे नीरेचं काम वेळेचं आणि स्वच्छतेचं आहे.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही बायांनी ग्राहकांसाठी एक संस्था उभी केली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. १९८२-८३ मध्ये, सत्तरी उलटलेल्या कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या पत्रिकेत त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्काराचा कार्यक्रम चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.