कॅबरने आणि मर्लो : सावत्र भावंडांच्या चवीत एवढा फरक का?

वाइनच्या दुकानात रेड वाइन मागितली की दोन नावं हमखास समोर येतात, कॅबरने सोव्हिन्यॉ आणि मर्लो. दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्समधल्या बोर्डो प्रांतातली. फरक काय असं विचारलं तर साधारण उत्तर मिळतं, ‘कॅबरने स्ट्राँग, मर्लो माइल्ड.’ पण बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा बघितला, तर मर्लोचा आकडा अनेकदा कॅबरनेइतकाच, कधी कधी जास्तही निघतो. मग ‘स्ट्राँग’ लागतं ते नेमकं काय?

जांभूळ खाल्ल्यावर जे होतं, ते

जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्लं की जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. ही खरं तर चव नसून स्पर्श आहे. टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत लागतं. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहातही हेच होतं. रेड वाइनचा ‘सांगाडा’ म्हणतात तो मुख्यतः या टॅनिनचा आणि आंबटपणाचा.

आता ही द्रव्यं येतात कुठून? रसातून जवळजवळ नाहीच. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पाण्यासारखा फिकट असतो. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बियांत असतो, म्हणून रेड वाइन बनवताना रस सालीबियांसकट आंबवतात. कॅबरनेचा मणी छोटा, साल जाड आणि गराच्या मानाने बिया जास्त. मर्लोचा मणी त्याहून मोठा, साल पातळ. म्हणजे एका कपभर पाण्यात एकाने दोन चमचे चहा पावडर टाकली आणि दुसऱ्याने एक. चवीतल्या फरकाचं मोठं कारण इतकं साधं आहे.

तोंडात फरक कुठे कळतो?

कॅबरनेचा घोट हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला पकड घेतो आणि गिळल्यानंतरही ती पकड सुटत नाही. आंबटपणाही जास्त असतो. गंमत म्हणजे घोट सुरुवातीला आणि शेवटी भरीव, पण मध्ये थोडा पोकळ लागतो. जाणकार याला मेदुवड्यासारखं भोक असलेल्या डोनटची उपमा देतात. मर्लो नेमकी तिथेच भरते. ती जिभेच्या मध्यावर पसरते, गोलसर लागते, धार कमी. मर्लोत साखर जास्त तयार होते आणि आंबटपणा लवकर उतरतो, म्हणून गोडवा नसतानाही ती गोडसर भासते.

वासाचं सांगायचं तर कॅबरनेची ओळख ब्लॅककरंट. आपल्याकडे हे फळ मुख्यतः आइस्क्रीममधूनच माहीत आहे, त्यामुळे पिकलेलं जांभूळ किंवा करवंद डोळ्यासमोर आणलेलं बरं. सोबत देवदाराच्या लाकडाचा, पेन्सिलीला टोक करताना येतो तसा वास. मर्लोत आलुबुखार, काळी चेरी, कधी चॉकलेट.

कॅबरने नीट पिकलं नसेल तर वाइनला कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. ढोबळी मिरचीत असतो त्याच प्रकारचा घटक या द्राक्षातही असतो आणि ऊन लागून मणी पिकतो तसा तो कमी होतो. हा वारसा घरचाच आहे. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं, की कॅबरने सोव्हिन्यॉ हे कॅबरने फ्रां आणि सोव्हिन्यॉ ब्लां या दोन द्राक्षांच्या संकरातून आलं. मर्लोचाही एक पालक कॅबरने फ्रांच. म्हणजे ही खरोखरच सावत्र भावंडं.

बोर्डोत दोन्ही एकत्र का नांदतात?

मर्लोला कोंब लवकर फुटतात आणि घडही कॅबरनेच्या एक-दोन आठवडे आधी तयार होतात. फायदा असा, की शरद ऋतूतल्या पावसाआधी फळ घरात येतं. तोटा असा, की वसंतातल्या हिमदवात कोवळे कोंब जळतात. एप्रिल २०१७ मध्ये बोर्डोतल्या बागांचं असंच मोठं नुकसान झालं. कॅबरने उशिरा फुटतं, त्यामुळे बऱ्याचदा दवातून वाचतं, पण थंड वर्षी पिकायचंच राहून जातं.

जमिनीनेही वाटणी केली आहे. गॅरोन नदी आणि जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर, मेडॉकमध्ये, गोट्यांची जमीन आहे. ती पाणी धरत नाही आणि लवकर तापते, म्हणून तिथे कॅबरने. उजव्या काठावर, पोमरॉल आणि सेंट एमिलियनमध्ये, गार चिकणमाती आणि चुनखडी आहे, म्हणून तिथे मर्लो. बहुतेक वाइनमध्ये दोन्ही कमीजास्त प्रमाणात मिसळतात. एक पीक बिघडलं तर दुसरं सावरतं, आणि मधलं ते भोकही बुजतं. बोर्डोत आज लाल द्राक्षांच्या निम्म्याहून जास्त लागवड मर्लोची आहे.

मर्लो ‘हलकी’ हा समज

पोमरॉलमधली पेत्रुस ही जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी एक. ती मर्लोचीच आहे आणि अनेक दशकं टिकते. तरीही २००४ च्या ‘साइडवेज’ या हॉलिवूडपटातल्या नायकाने मर्लो प्यायला ठणकावून नकार दिला आणि अमेरिकेत या द्राक्षाची चेष्टा झाली. त्याच नायकाने जपून ठेवलेली १९६१ सालची शेव्हाल ब्लांची बाटली मात्र कॅबरने फ्रां आणि मर्लोच्या मिश्रणाची होती!

चिलीत तर आणखी मोठा घोळ. तिथे मर्लो म्हणून लावलेल्या कित्येक वेली प्रत्यक्षात कारमेनेर या जुन्या बोर्डो जातीच्या निघाल्या. १९९४ मध्ये एका फ्रेंच वेलतज्ज्ञाने ते ओळखलं. कारमेनेर मर्लोच्या कित्येक आठवडे नंतर पिकतं, त्यामुळे एकत्र तोडणी केली की अर्धे घड कच्चे राहत. चिलीच्या ‘मर्लो’ला तो ढोबळी मिरचीचा वास का येतो, याचं उत्तर तेव्हा मिळालं.

आपल्याकडे पिताना

नाशिक भागात हिमदवाची भीती नाही, पण हंगाम उलटा आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना दुसरी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. इथे कॅबरने अनेकदा शिराझ या द्राक्षाबरोबर मिसळतात.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची हा सल्ला थंड देशांतला आहे. आपल्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात चढतो आणि फळाचा वास दबतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणली तर दोन्हींतला फरक स्वच्छ कळतो.

तिखटाबरोबर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. त्यामुळे झणझणीत रश्श्यासोबत कॅबरनेपेक्षा मर्लो बरी. कमी तिखटाचं, चरबीचं भाजलेलं मटण असेल तर कॅबरने घ्यावी, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा बोथट करतात.

आणि लेबल वाचताना एवढं लक्षात असू द्या, की युरोपात बाटलीवर एका द्राक्षाचं नाव छापायला ८५ टक्के आणि अमेरिकेत साधारणपणे ७५ टक्के तेच द्राक्ष पुरतं. ‘कॅबरने’ म्हणून आणलेल्या बाटलीत थोडी मर्लो आधीच असू शकते.