कृतिसंशोधन म्हणजे नेमकं काय?
शिक्षकांनी आपल्याच वर्गातली अडचण शोधून, उपाय करून, फरक तपासणं म्हणजे कृतिसंशोधन. समजा, वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरची मुलं पावसाळ्यात दांड्या मारून वाचनात मागं पडली. गुरुजी आधी हजेरी आणि वाचनाची नोंद घेतात, कारण शोधतात, एकच उपाय काही आठवडे करतात आणि पुन्हा तशीच चाचणी घेतात. फरक नाही पडला, तर उपाय बदलायचा, मुलाला 'ढ' म्हणायचं नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. १९४५ पासून बोर्डीत, पुढं कोसबाडला. मुलं येईनात, तर शाळा अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली.

आज शिक्षकांना यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'डाएट', मार्गदर्शन करते. पालकांनी सभेत एवढंच विचारावं: अडचण काय, उपाय काय, फरक किती?