गणपतीविना गण: अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनातील दैवते

तमाशाच्या पारंपरिक मांडणीत गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असे. त्यांपैकी गण म्हणजे खेळाच्या आरंभी गायिले जाणारे गणपतीचे स्तवन, आणि ते झाल्याखेरीज वगाला, म्हणजे मुख्य कथानकाला, हात घालायचा नाही असा दंडक होता. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांनी, मार्क्सवादी असूनही, गण टाकून दिला नाही. त्यातील गणपतीच्या जागी त्यांनी मायभूमीला आणि छत्रपती शिवाजी महाराजांना वंदन केले. मुंबईच्या गिरणगावातील कामगार हा गावाकडचे तमाशे पाहतच वाढलेला होता, त्यामुळे ओळखीच्या चालीने तो सावरून बसे आणि नवा विचार त्याला परका वाटत नसे. १९५८ च्या मुंबईतील दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करतानाही त्यांनी पृथ्वी तोलून धरणाऱ्या शेषाची पुराणकथाच हाती घेतली आणि तो भार दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातांवर असल्याचे ठणकावून सांगितले.

याच दृष्टीचा सर्वांत समर्थ आविष्कार ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत आढळतो. तिच्या आरंभी जोगणीची प्रथा येते: जोगणी ही देवीची वाटी असून, ती ज्या गावी असेल त्या गावाला जत्रेचा मान मिळतो, आणि ती दुसऱ्या गावाहून पळवून आणणाऱ्याने शीव, म्हणजे गावाची हद्द, जिवंतपणी ओलांडावी लागते. वाटेगावचा राणोजी मांग शिगावची वाटी आणताना प्राणांस मुकतो. येथे देवीचा कोप नाही की कृपा नाही. आहे तो शिवेचा रिवाज, तो मोडणाऱ्यांचा दगा, आणि ज्याचे घर गावकुसाबाहेर त्यानेच गावाच्या मानासाठी दिलेले शिर. धातूच्या एवढ्याशा वाटीत सारी गावगाड्याची उतरंड दाखवणारे असे चित्रण मराठी कादंबरीत विरळाच आहे.

मात्र श्रद्धेच्या नावाखाली माणूसच नाडला जातो तेथे या लेखकाने तिची गय केली नाही. ‘चिखलातील कमळ’ या कादंबरीचा विषय मुरळीची प्रथा हा आहे. मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली आणि त्यामुळे संसाराचा हक्क हिरावला गेलेली मुलगी, आणि तेथे अण्णा भाऊंची सारी सहानुभूती भंडाऱ्याने माखलेल्या त्या मुलीच्या बाजूने उभी राहते.